चंद्रीचा घरजावई

लेकीसाठी घरजावई शोधणारे बाप पुष्कळ पाहिले, पण सशाच्या मादीसाठी घरजावई आणू पाहणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या जुन्या हुबळीच्या गल्लीतले रामण्णा. कोर्टातले पेन्शनर नाझर. डोक्याला तुळतुळीत टक्कल आणि तोंडात सदा "सुम्निर्री!", म्हणजे गप्प बसा. जन्मभर कोर्टात जे कुणाला म्हणता आलं नाही, ते सगळं आमच्यावर काढायचे.

विलायतेला परत निघालेल्या एका साहेबानं त्यांना सशांची जोडी दिली. पांढरी चंद्री आणि करडा सर्जा. रामण्णांनी दोघांना वेगवेगळ्या पेट्या ठोकल्या, मुहूर्त पाहिला आणि सर्जाला उचलून चंद्रीच्या पेटीत सोडलं.

"आमची लेक कुठं जायची नाही," म्हणाले. "जावई इथं येऊन राहील."

चंद्रीनं जावयाचा कान चावून फोडला.

हळद लावून त्याला बरा केला, पुन्हा सोडला. या खेपेला नाक. मी म्हटलं, "अहो अण्णा, जीव जाईल की बिचाऱ्याचा!"

"सुम्निर्री अक्का! नव्या जावयाला थोडं सोसावं लागतंय."

सगळी गल्ली हसायची. हसत नव्हती ती कमळी, त्यांची एकुलती लेक. आईवेगळी पोर. रामण्णांनीच वेण्या घालून तिला शाळेत धाडलं होतं. आता तिला अळणावरच्या एका मास्तरांचं स्थळ सांगून आलं होतं, आणि मुलगा पसंत असल्याचं तिनं माझ्याजवळ लाजत कबूल केलं होतं. पण रामण्णांची एकच अट, जावयानं आमच्या घरी राहावं. मास्तर नोकरी सोडून कसा येणार? चांगलं स्थळ हातचं जायची वेळ आली. असा संताप यायचा मला त्या टकल्याचा!

शेवटी कमळीच उठली. "अप्पा, चंद्रीला एकदा सर्जाच्या घरी पाठवून बघा. नांदली तर मलाही पाठवायचं. नाही नांदली, तर मी अळणावरचं नाव काढणार नाही."

रामण्णांच्या मग काय मनात आलं कोण जाणे, चंद्रीला कुंकू लावलं, पुढ्यात हरभऱ्याचा पाला ठेवून ओटी भरली आणि स्वतःच्या हातानं तिला सर्जाच्या पेटीत सोडलं. लगेच तोंड फिरवून उभे राहिले.

"चावली का? अक्का, चावली का?"

"अहो, बघा तरी!"

चंद्रीनं चारी कोपरे हुंगले आणि निमूट सर्जाला टेकून बसली. कमळीनं टाळ्याच पिटल्या. संध्याकाळी रामण्णांनी चंद्रीला तिच्या पेटीत परत आणलं. माहेरपणाला म्हणे.

महिनाभरानं एका दुपारी ते अनवाणी धावत माझ्या दारात. "अक्का, वेड लागलं हिला! छातीचे केस उपटून खाली अंथरतेय!" दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच केसांत गुलाबी पिल्लं वळवळत होती. मग काय विचारता! पेढ्यांचा पुडा घेऊन रामण्णा गल्लीभर ओरडत फिरले, "पहिलं बाळंतपण माहेरी! माहेरी झालं, कळलं का री?" आणि त्याच दिवशी अळणावरला होकार गेला.

लग्न वाजतगाजत झालं. वर्ष-दीड वर्षात कमळी बाळंतपणाला यायची ठरली. तिची खोली बघायला म्हणून मी गेले. नवा पाळणा, त्यात हाताएवढी जाड, मऊ गादी. शेजारच्या खोलीत रामण्णांच्या गादीची नुसती खोळ दांडीवर लोंबत होती आणि ते घोंगडी अंथरून बसले होते.

"अण्णा, हे हो काय? या वयात घोंगडीवर निजता?"

"सुम्निर्री!" बाहेर टांगा थांबल्याचा आवाज आला तसे ते धडपडत उठले. "चंद्री स्वतःचे केस उपटून घालते. माझ्या डोक्यावर आहेत कुठं?"