अध्यक्षांचा उलटा फोटो

माझं संशोधन माझ्या बायकोच्या, मीनाक्षीच्या चकलीच्या डब्यातून निघालं. हे खरं आहे, आणि ती ते अजून विसरलेली नाही.

त्या वेळी मी कोल्हापुरातल्या एका हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत होतो. एकोणीसशे शहात्तर-सत्त्याहत्तरचा सुमार. शिक्षणात तंत्रज्ञान आणायचं, असं वारं सुटलं होतं. आमच्या शाळेत तंत्रज्ञान म्हणजे खडू, आणि तोही जपून वापरायचा. मी फळ्यावर तिरक्या रेघा मारून गगनबावड्याचा पाऊस शिकवायचो. एकदा वर्गातून प्रश्न आला, "सर, ह्यो पाऊस हाय का जोंधळा?" तेव्हापासून मुलांना खरी चित्रं मोठी करून दाखवायचा ध्यास मला लागला होता.

अशात म्हैसूरच्या शैक्षणिक तंत्रज्ञान परिषदेचं पत्रक शाळेत आलं. शिक्षकांनी आपापल्या संशोधनाचे प्रस्ताव पाठवावेत. प्रस्ताव मंजूर झाला, तर परिषदेत येऊन पेपर वाचावा. मी पत्रक वाचलं आणि तिथंच ठरवलं, की कोल्हापूरचं नाव म्हैसुरात गाजवायचं. कल्पना माझ्याकडे तयारच होती. डबा, दिवा आणि भिंग एवढ्यावर चालणारी चित्रपेटी! डब्याच्या तळाशी फोटो लावायचा, आत दिवा लावायचा, पुढच्या भोकात भिंग बसवायचं, की समोरच्या भिंतीवर फोटो हत्तीएवढा. विज्ञानाच्या शिक्षकांना एकदा विचारून घ्यावं, असं मनात आलं होतं. पण विचारलं असतं, तर प्रस्तावावर त्यांचंही नाव घालावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं. इथं मी चुकलो.

डबा चकल्यांचा घेतला आणि भिंग आमच्या दादांचं. दादा म्हणजे माझे वडील. सकाळी भिंग घेऊन ते पेपर वाचायला बसत. त्या दिवशी त्यांनी उशीखाली, कोनाड्यात, देवघरात सगळीकडे शोधलं आणि मग मला हाक मारली.

"अंबादास, माझं भिंग?"

"दादा, ते संशोधनाला लागलंय. मला म्हैसूरला पेपर वाचायला बोलावणार आहेत."

दादांनी हातातला पेपर माझ्यापुढं धरला. "तू पेपर वाचायला म्हैसूरला जाणार, आणि मी घरातला पेपर वाचायचा नाही. असं का?"

"आणि चकल्या मी काय पदरात बांधून ठेवू?" आतून मीनाक्षी म्हणाली.

मोठ्या कामाला घरातून विरोध होतोच, अशी मी मनाची समजूत घातली.

प्रस्तावावर हेडमास्तर आणि संस्थेचे अध्यक्ष, दोघांच्या सह्या हव्या होत्या. आमचे हेडमास्तर सांगवडेकर मोठे सावध गृहस्थ. कोणत्याही कागदावर ते पहिली सही करत नसत. शाळेच्या घड्याळात किती वाजलेत, हेसुद्धा ते दुसऱ्याला विचारून मग मान्य करायचे.

"हेरलेकर, प्रस्ताव उत्तम आहे," ते प्रस्ताव न उघडता म्हणाले. "आधी अध्यक्षांची सही आणा. त्यांची झाली की माझी झालीच समजा."

अध्यक्ष म्हणजे गणपतराव. गुळाचे व्यापारी. देहानं आणि आवाजानं सारखेच भरदार. नुकतेच निवडणूक जिंकून अध्यक्ष झाले होते आणि तेही जेमतेम, त्यामुळे चहात साखर कमी पडली तरी त्यांना विरोधकांचा हात दिसायचा. मी विचार केला, माणूस खूश करायचा तर त्याचाच फोटो भिंतीवर दाखवावा. संस्थेच्या स्मरणिकेत त्यांचा फोटो होता, खाली छापील नाव. तो कापून मी पेटीत लावला, नीट, डोकं वर आणि छाती खाली.

गंगावेशीतल्या त्यांच्या घरी बाहेरच्या सोप्यात बैठक भरली होती. चार-दोन संचालक होते, त्यात नागाप्पा होते. हे गडहिंग्लजकडचे, घरात कानडी बोलणारे, मिरचीचे व्यापारी. मी खिडक्या लावून घेतल्या, शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या भवितव्यावर थोडं बोललो आणि बटण दाबलं.

भिंतीवर गणपतराव उमटले. भव्य आणि स्पष्ट. डोकं खाली आणि छाती वर.

मग अंधारातून नागाप्पा म्हणाले, "अध्यक्ष, योगासनं कधी चालू केलासा ओ?"

कुणीतरी फिसकन हसलं. गणपतराव उठून उभे राहिले.

"मास्तर, कुणी पाठवलं तुमाला?"

"कुणी नाही साहेब. फोटो जरा उलटा लागलाय. आत्ता सरळ करतो."

मी घाईघाईनं फोटो फिरवून लावला. पुन्हा बटण दाबलं. आता डोकं वर आलं. मी सुस्कारा सोडला. पण गणपतराव भिंतीजवळ गेले आणि फोटोखालचं नाव वाचायला लागले. वाचता येईना.

"ही कुठली भाषा म्हणायची? नागाप्पा, कानडी हाय का हे?"

नागाप्पा जवळ जाऊन बघून आले. "छे ओ. कानडी असतं तर मला आलं नसतं काय वाचायला?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वरचं खाली व्हायचं थांबलं होतं, पण डावं उजवीकडे गेलं होतं. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी पडली होती. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण गणपतराव आता फोटोतल्या डोक्याकडे बघत होते.

"मी भांग डावीकडनं पाडतो," ते हळू आवाजात म्हणाले. हा माणूस हळू बोलायला लागला, की शेजारचे उठून जायचे. "उजवीकडनं कोण पाडतं, नागाप्पा?"

नागाप्पांनी सांगायची गरजच नव्हती. उजवीकडून भांग पाडायचा पिराजी. गणपतरावांचा चुलतभाऊ. चेहरा अगदी तोच. बांधावरून दोघांचा दावा चालू होता, आणि निवडणुकीत विरुद्ध पॅनेलही त्याचंच होतं.

"माझ्या घरात, माझ्या भिंतीवर, माझ्याच म्हातारीनं सारवलेल्या सोप्यात पिराजी! मास्तर, उचला तो डबा."

मी डबा उचलला. तो तापला होता, हाताला चटका बसला, पण ठेवून फुंकर मारण्याइतकी सवड नव्हती.

घरी आल्यावर मीनाक्षीनं बोटांना तूप लावलं. "डबा रिकामा झाला का आता?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. प्रस्ताव पोचायची मुदत जवळ आली होती, सही नव्हती, आणि पुढं संस्थेत नोकरी राहील का, याचीच मला काळजी लागली होती. हेडमास्तर तर व्हरांड्यात मला बघितलं, की लांबूनच वळून दुसऱ्या जिन्यानं जायला लागले होते.

आणि एका रविवारी गणपतरावांकडून निरोप आला. निरोप गणपतरावांचा नव्हता, त्यांच्या पत्नीचा, चिमणाबाईंचा होता. पेटी घेऊन या.

मी भीत भीत गेलो. गणपतराव सोप्यात तोंड फिरवून बसले होते. चिमणाबाई मधल्या दारात उभ्या होत्या.

"मास्तर, त्या दिवशी गड्यांनी सगळं बघितलं आणि आमी आत कोंडून बसलो. आमाला बी बघायचं हाय. ह्यांचं तोंड रोज बघतो, ते नगं. मामंजींचा फोटो हाय, त्यो मोठा करून दावा."

मामंजी म्हणजे गणपतरावांचे वडील, आबा. त्यांचा सगळ्या आयुष्यात काढलेला एकच फोटो, कुठल्याशा जत्रेत काढलेला. डोक्याला पटका, हातात काठी, आणि खाली फोटोग्राफरनं घातलेलं आबांचं नाव. चिमणाबाईंनी तो भिंतीवरून काढून, पदरानं पुसून, काचेतून सोडवून माझ्या हातात दिला.

"ह्याला काय झालं, तर मास्तर, तुमचं काय खरं न्हाय," गणपतराव तोंड न वळवता म्हणाले.

बायकांनी सोप्यात येऊन बसायची त्या घरात रीत नव्हती. म्हणून चिमणाबाईंनी मधल्या दारावर एक पातळ पांढरं धोतर ताणून बांधलं. चित्र त्यावर पाडायचं. गडी सोप्यातून बघतील, बायका माजघरातून. मी म्हटलं, चालेल. मी कशालाही हो म्हणालो असतो. फोटो डोकं खाली करून लावला, एवढं शहाणपण मला आलं होतं. अक्षरांचं काय करायचं, ते मात्र अजून उमगलं नव्हतं. देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

"उलटंच हाय," सोप्यातून गणपतराव लगेच म्हणाले. "काठी डाव्या हातात गेली आबांच्या. नाव बी उलटं."

"काय उलटं न्हाय," माजघरातून चिमणाबाई म्हणाल्या. "चांगलं सरळ हाय. काठी उजव्या हातात हाय."

"अगं, मला दिसतंय की हितं."

"मला बी दिसतंय. तुमचं नेहमीचंच हाय. सगळं जग सरळ बघतंय आणि तुमाला तेवढं उलटं दिसतंय."

"माझा बाप कुठल्या हातात काठी धरायचा, ते मला सांगतीस?"

"मला सांगतीस म्हणजे? शेवटपातूर त्यांचं मीच केलंय. त्या काठीचा आवाज आला, की कोणच्या हातात हाय ते मी चुलीपाशी बसून वळखायची."

दोघंही खरं बोलत होती. मी दोघांच्या मध्ये, तापत चाललेला डबा धरून उभा होतो. शेवटी गणपतराव उठले, धोतराची कड उचलली आणि वाद मिटवायला तावातावानं माजघरात गेले.

आतून आवाज येईना.

मी वाट बघितली. मग कडेनं डोकावलो. गणपतराव चिमणाबाईंच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर धोतरावर आबा होते, दाराएवढे उंच, काठी उजव्या हातात, खाली नाव सरळ. दिव्याचा उजेड जरा हलत होता, त्यामुळे म्हाताऱ्याच्या पटक्यालाही वारा लागल्यासारखं वाटत होतं.

"आबा एवढंच उंच होतं," गणपतराव म्हणाले. "मी ल्हान होतो तवा."

चिमणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आणि त्याच वेळी मला जळका वास आला.

"साहेब, दिवा बंद करतो. फोटो तापतोय."

"थांबा वाईच."

"साहेब, वास येतोय."

"मास्तर, थांबा म्हटलं न्हवं?"

अध्यक्षांचं ऐकावं तर बाप जळतोय, बाप वाचवावा तर अध्यक्ष रागावतात. असला प्रसंग कुठल्याही भूगोलाच्या शिक्षकावर येऊ नये. डब्याच्या भोकांतून धुराची रेघ निघाली. तेवढ्यात चिमणाबाई उठल्या, सोप्यात आल्या आणि त्यांनी भिंतीतून वायरच उपटली. मी फोटो ओढून काढला. आबा शाबूत होते. पायातलं पायताण तेवढं करपून तपकिरी झालं होतं.

गणपतरावांनी फोटो उजेडात नेऊन बघितला.

"पायताण अगुदर दिसत नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "आता उठून दिसतंय. आणा तो कागद."

प्रस्तावाच्या तिन्ही प्रतींवर त्यांनी सही केली. कशावर करतोय, ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांगवडेकरांनी त्या सहीकडे चष्मा वर करून आणि खाली करून बघितलं. आता त्यांना नकार द्यायला वाव नव्हता, म्हणून त्यांनी नवीन अट काढली. वर्गात प्रयोग करून निकाल जोडा.

मी शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्या. मधल्या दाराला धोतर बांधलं. एका खोलीत मी आणि पेटी, दुसऱ्या खोलीत सातवीचा वर्ग आणि गगनबावड्याचा खरा पाऊस, मासिकातून कापलेला. मी पेटीजवळून ओरडून माहिती सांगत होतो. नंतर कळलं, की पलीकडच्या गोंगाटात त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. मुलांनी चित्रं बघितली, आपापसात चर्चा केली, पुस्तकं उघडून नावं शोधली. परीक्षा घेतली तर अख्खा वर्ग पास. मी शिकवायला लागल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. सगळं जसंच्या तसं लिहून प्रस्तावाला जोडलं, हेडमास्तरांची सही घेतली आणि मुदतीच्या आत रजिस्टरनं पाठवून दिलं.

म्हैसूरचं उत्तर शाळेच्या पत्त्यावर आलं, म्हणजे सांगवडेकरांनी आधी फोडलं. त्यांनी मला बोलावून घेतलं. चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू होतं.

"अभिनंदन, हेरलेकर. प्रस्ताव मंजूर. समितीनं फार कौतुक केलंय."

"पेटीचं ना सर?"

"पेटीबद्दल एक ओळ आहे. अशा पेट्या पूर्वीच निघाल्यात, म्हणे." त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "त्यांना तुमची दुसरी कल्पना आवडली. शिक्षकाला वर्गाबाहेर ठेवण्याची. शिक्षक खोलीत नसताना निकाल एवढा सुधारतो, हे आपल्याकडे प्रथमच सिद्ध झालंय, असं म्हणतात. 'शिक्षकाविना अध्यापन' या विभागात तुमचा पेपर ठेवलाय."

"सर, पण मी शेजारच्या खोलीत होतो. मी शिकवत होतो."

"तसं आता म्हणू नका. संशोधन विरुद्ध जाईल." त्यांनी कागद घडी करून फाइलला लावला आणि आपण होऊन रजेचा अर्ज माझ्यापुढं सरकवला. "परिषद तीन दिवसांची आहे. पण तुम्ही सावकाश या. म्हैसूर बघा, जमलं तर बंगळूरलाही जाऊन या. मुलांचं अजिबात नुकसान होणार नाही."

आणि कोणाच्याही आधी, स्वतःहून, त्यांनी त्या अर्जावर सही केली.