कर्ता पडला त्या घरी

सत्तावन्न सालच्या आषाढात तापाची साथ कुरुळीत शिरली. चाकणचा बाजार बंद झाला, पिंपरीकडच्या कारखान्याचं बांधकाम थांबलं आणि तिथं मजुरी करणारा सोनबा घरी बसला. मग वरून हुकूम आला, की ज्या घरचा कर्ता पुरुष तापानं पडला असेल त्या घराला ज्वारी मिळेल. सोनबा पडला होताही. पण चौकशीच्या आदल्या दिवशीच तो बरा झाला.

"एवढी घाई कशाला केलीत?" त्याची बायको छबूबाई म्हणाली. "घरात दाणा न्हाई. निजा गुमान."

सोनबा घोंगडीखाली कण्हू लागला. तालुका कचेरीतले कारकून उद्धवराव चौकशीला आले आणि छत्री मिटवत आत शिरले. त्यांनी सोनबाच्या कपाळावर हात ठेवला.

"अंग तर गार आहे याचं."

"रावसाहेब," सोनबा म्हणाला, "तुमचाच हात विस्तवासारखा लागतोय."

उद्धवरावांनी स्वतःचं कपाळ चाचपलं आणि भिंतीला धरून ते खाली बसले. सोनबानं उठून त्यांना आपल्या अंथरुणावर निजवलं. निजवून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण उभे आहोत.

चिखलानं गाडीवाट बंद होती. छबूबाईनं शेजारून पीठ उसनं आणलं आणि पाहुण्याला आंबील पाजली. ताप उतरल्यावर उद्धवराव ओशाळून म्हणाले, "तुमचे उपकार फार झाले. पण सोनबा, तू धडधाकट आहेस. ज्वारी देता यायची नाही."

"खरं हाय," सोनबा म्हणाला.

संध्याकाळी छबूबाई तापानं पडली.

"आता तरी, रावसाहेब?"

"हुकमात कर्ता पुरुष म्हटलंय. बाईचं काही नाही."

उद्धवरावांच्या पायांत अजून त्राण नव्हतं, म्हणून ते राहिले. घर सोनबाच्या हाती आलं. शेळीनं त्याला लाथ मारली, दूध दिलं नाही. चूल अशी धुमसली, की उद्धवरावांना भर पावसात अंगणात जावं लागलं. रात्री ताटात भाकरी आली. एका अंगानं कोळसा, दुसऱ्या अंगानं पीठ. उद्धवरावांनी एक घास खाल्ला आणि बराच वेळ चावला.

सकाळी त्यांनी तलाठी लक्ष्मणरावांना बोलावणं धाडलं.

"या घराला ज्वारी द्या."

"पण साहेब, कर्ता तर समोर उभा आहे."

उद्धवरावांनी सोनबाकडे पाहिलं.

"हा नव्हे," ते म्हणाले. "कर्ता आत निजलाय."

सोनबानं हरकत घेतली नाही. तो पोतं शोधायला गेला, आणि ते कुठं ठेवलंय हे छबूबाईला विचारायला परत आला.