पाणी दाखवलं का?

रविवार, मार्गशीर्षाचा चौथा दिवस. स्थळ : तुळजापूर, आमची ओसरी. हजर : मी, शेजारच्या गंगूआक्का, समोरच्या मालतीवहिनी. कापड : फलालीनचे सात तुकडे. गैरहजर : आठवा तुकडा.

माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण पौषात होतं आणि बाळाची गोधडी त्याआधी व्हायला हवी होती. सात तुकडे आक्कांच्या हुकुमाप्रमाणे आधी कढत पाण्यातून काढले, सावलीत वाळवले, मग कापले. आठवा मी घाईत आधी मापानं कापला आणि नंतर धुतला. आटून तो आता फार तर कंदिलाची काच पुसायच्या कामाचा उरला होता.

"बाई, शाळंत पोरास्नी शिकिवता, अन् कापडाला पाणी न्हाय दाखवलं?" आक्का म्हणाल्या. मालतीवहिनी पदर तोंडाशी धरून हसत होत्या.

"पाणी दाखवलं का?" हा आक्कांचा जगाला एकच प्रश्न. "फलालीन लई खोटारडं," त्या म्हणत. "दुकानात पाच हात सांगतं, घरी आलं की साडेचार. आधी पाण्यात खरं बोलून घ्यावं, मग सुई लावावी." सोलापूरच्या एका दुकानदारानं त्यांना शपथेवर सांगितलं, की हा माल आटत नाही. आक्कांनी नमुन्याची चिंधी मापली आणि त्याच्याच पिण्याच्या तांब्यात बुडवून ठेवली. चिंधी वाळेपर्यंत दुकानात मांडी घालून बसल्या. भाव दोन आण्यांनी उतरला.

माणसांनाही तोच नियम. मालतीवहिनींच्या नणंदेला बघायला अणदूरहून स्थळ आलं, तेव्हा आक्कांनी मुलाच्या हाती दोन घागरी दिल्या आणि आडाकडे बोट दाखवलं. तो धापा टाकत परत आला, पण एक थेंबही सांडला नव्हता. "द्या पोरगी," आक्का म्हणाल्या. "ह्यो आटायचा न्हाय." अजून आटलेला नाही.

शिवायचे त्यांचे कायदे वेगळे. फलालीनवर मांजरासारखा हात फिरवून लव कुठं वाहते ते बघायचं. ती डोक्याकडून पायाकडंच हवी. शिलाईत दोन बोटं कापड सोडायचं, कारण त्याच्या दशा लवकर सुटतात. ओढून शिवायचं नाही. मी एकदा ओढलं तर म्हणाल्या, "बाई, बैलाची वेसण न्हाय ती!"

तर, आठवा तुकडा. आक्का म्हणाल्या, "माझ्या ट्रंकेतनं जाड दोरा आणा." मी त्यांच्या घरी गेले. दोऱ्याखाली निळ्या फलालीनची घडी होती, नवीकोरी, मापाला अगदी पुरेशी. मला हायसं वाटलं. ओसरीवर आणली, बादलीतलं पाणी कढत होतंच, म्हटलं नियमानं वागू, आणि घडी पाण्यावर धरली.

"न्हाय! पाणी नगा दाखवू!"

गेल्या बारा वर्षांत आक्कांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. गुडघेदुखी विसरून त्या उठल्या आणि घडी माझ्या हातातून ओढून घेतली. लव, दशा, कशाचीच पर्वा न करता ओढली. मग माझ्याकडं न बघता ती जमिनीवर उलगडली.

कापडावर शिंप्याच्या पांढऱ्या खडूनं एका लहान लेकराची आकृती काढलेली होती. हात पसरलेले, पाय थोडे फाकलेले.

"सुमी," आक्का म्हणाल्या. "माझ्या दिराची लेक, तुमी हितं यायच्या आधीची. आई गेलेली, म्हणून चार वर्सं माझ्यापाशी व्हती. गोधडी मापाची पायजे म्हणून कापडावर निजवली अन् खडू फिरवला. लई गुदगुल्या व्हायच्या तिला. हितं काखंजवळ रेघ वाकडी गेलीय, बघा." त्यांचं बोट रेघेच्या वरून फिरलं, पण टेकलं नाही. "दुसऱ्या दिवशी धुणार व्हते. तवर बाप आला. हैदराबादंला नोकरी लागली म्हणला, अन् पोरीला घिऊन गेला."

मालतीवहिनी हळूच म्हणाल्या, "मग तशीच शिवायची होती, आक्का."

"धुतल्याबिगर शिवायचं न्हाय. अन् धुतलं तर पोरगी जाती."

 मग आक्कांनी घडी पूर्वीच्याच मोडीवर घातली आणि घरी जाऊन स्वतःची फलालीनची बंडी आणून माझ्यापुढं टाकली. "फाडा. हिला धा हिवाळे पाणी दाखवलंय. तुमच्या नातवाला दगा न्हाय द्यायची."

"आणि तुम्हाला थंडी?"

"मी काय आटणार हाय आता?"

संध्याकाळपर्यंत आठवा तुकडा जोडून झाला. मी वही काढून दिवसाची कामं तपासली. दोरा : झाला. आठवा तुकडा : झाला. कोपरे : झाले. आक्का खांद्यावरून डोकावत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण खुणा कळतात.

"सुमीचं बी लिवा की," त्या म्हणाल्या. "आता मोठी झाली असंल. नवं माप घ्यावं लागंल."

मी लिहिलं : सुमीचं नवं माप घेणे. त्यापुढं अजून खूण केलेली नाही.