नॉर्मनचं तीन बाय वीसचं काचघर

"माप चुकलं, तर नाव नॉर्मन ऑगडेन लावणार नाही!"

हे वाक्य नॉर्मनने गावातल्या पबमध्ये एका संध्याकाळी तीनदा ऐकवलं. चौतीस वर्षं त्याने यॉर्कशायरभर लोकांच्या घरांत गालिचे बसवले होते. वाकडे जिने, तिरके कोपरे, पण तुकडा कधी कमी पडला नाही! आता निवृत्तीनंतर परसात टोमॅटोसाठी काचघर बांधायचं, तर त्यात काय मोठंसं?

मोठंसं होतं ते शेजारी. क्लिफर्ड! हा काडीपैलवान सलग नऊ वर्षं गावच्या ऑगस्टमधल्या प्रदर्शनात टोमॅटोचं पहिलं बक्षीस नेत होता. नॉर्मनचे टोमॅटो खिडकीतच हिरवेगार राहून सडायचे. यंदा हरलो तर टोमॅटोचं नाव काढणार नाही, असं तो त्याच पबमध्ये बोलून बसला होता. त्यामुळे त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

त्याने हिरवळीवर चार खुंट्या ठोकल्या आणि सुतळी बांधली. आठ फूट रुंद, दहा फूट लांब. मग तो त्या सुतळीच्या घरात शिरला, नसलेलं दार उघडलं, नसलेल्या रोपांना पाणी घातलं. बाहेर आला. परत आत गेला.

"नॉर्मन, चहा गार होतोय!" बेरिल स्वयंपाकघरातून ओरडली.

"थांब गं, मी काचघरात आहे!"

बेरिलला काचघराचं वावडं नव्हतं. न्हाणीघराच्या टबात चाळीस रोपं होती, ती कधी एकदा बाहेर जातात असं तिला झालं होतं. पण सुतळी तिच्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली आली होती. हे नवऱ्याला सांगायचं म्हणजे तासभर व्याख्यान! त्यापेक्षा तो चहाला बसला असताना तिने दोरीच्या बाजूच्या दोन खुंट्या हळूच वीतभर आत सरकवल्या.

पलीकडे क्लिफर्डला वेगळीच काळजी लागली होती. काचघराची सावली आपल्या कांद्यांवर पडणार! पण तीस वर्षांपासूनच्या शेजाऱ्याला तोंडावर कसं सांगायचं? तो कुंपणावरून ओणवा झाला आणि त्याने आपल्या बाजूच्या खुंट्या वीतभर आत घेतल्या.

दुसऱ्या दिवशी नॉर्मनने टेप लावली. साडेसहा फूट!

त्याने टेप पुन्हा लावली. तेच! वहीत तर आठ लिहिलं होतं. म्हणजे काल माप चुकलं? त्याचं? हे गावाला कळलं तर? त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि वहीतला आठ गुपचूप खोडला.

"काय नॉर्मन, ठरलं का माप?" क्लिफर्डने कुंपणावरून विचारलं.

"अहो, ठरायचंय काय? पहिल्या दिवसापासून पक्कं आहे!"

तिसऱ्या दिवशी पाच फूट, मग रोज चार-सहा इंच कमी. नॉर्मन रात्रंदिवस तळमळू लागला. शिवाय जो भेटेल तो म्हणे, "मोठंच घे बाबा, लहान घेतलेले सगळे पस्तावतात." मग रुंदीतलं नुकसान भरून काढायला तो लांबी वाढवत सुटला. बारा, सोळा, वीस! आठवडाअखेर वहीत उरलं तीन बाय वीस.

काचघरं बांधणाऱ्या डडलीने टेलिफोनवर दोनदा विचारलं, "तीन फूट? नक्की? अहो, हे काचघर आहे की बोळ?"

"चौतीस वर्षं मापं घेतलीयत मी! सांगतो तेवढं कर."

काचघर उभं राहिलं. दोन्ही बाजूंना रोपं लागली आणि नॉर्मन पहिल्यांदा पाणी घालायला आत शिरला. शिरला तो शिरलाच! त्याचं पोट दोन्हीकडच्या रोपांना घासत होतं. वळायला जागा नव्हती. वीस फूट पुढे जायचं आणि वीस फूट उलट्या पावलांनी परत यायचं, असं तो सकाळ-संध्याकाळ करू लागला. बेरिल आणि क्लिफर्ड दोघेही तेव्हा नेमके दुसरीकडे बघत.

आणि ऑगस्टात नॉर्मनला पहिलं बक्षीस मिळालं!

ताटलीतले सहा टोमॅटो एकाच साच्यातून काढल्यासारखे होते. मंडपात लोक जमले. "गुपित काय?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"माप!" नॉर्मनने छाती काढली. "तीन फूट. गणित आहे त्यामागे!"

बेरिलला ठसका लागला. "नॉर्मन, खुंट्या मी सरकवल्या रे. रोज. दोरीसाठी."

"तुम्ही?" क्लिफर्ड चित्कारला. "मग मी काय सरकवत होतो?"

नॉर्मनचा चेहरा पडला. म्हणजे वहीतला तो आठ बरोबर होता! आनंद मानावा की रडावं, त्याला कळेना. "मग... हे बक्षीस कुणाचं?"

परीक्षकबाईंनी चष्म्यावरून त्याला नीट न्याहाळलं. "टोमॅटोची फुलं हलली की फळ छान धरतं. तुम्ही येता-जाता सगळी रोपं हलवत असणार. हे बक्षीस तुमच्या पोटाचं!"

नॉर्मनने गावात माप हा शब्द काढणं सोडलं. घरी त्याला रोज एक पुडिंग जास्त मिळतं, म्हणून त्याची तक्रार नाही.

क्लिफर्डही हल्ली जेवणानंतर दोन वाडगे कस्टर्ड खातो. पण त्याचं काचघर आठ फूट रुंद आहे. त्याला बराच पल्ला गाठायचाय.