झरोक्यातून दिसणारे पाणी

गृहस्थाची योजना सर्वथा निर्दोष होती. निदान त्याचे स्वतःचे तरी तसे ठाम मत होते!

जहाजांच्या दुरुस्तीचे आराखडे काढणारा हा गृहस्थ दोन वर्षांपूर्वी परदेशातील एका बंदराच्या शहरी नोकरीस आला. पत्नी मागेच राहिली. त्याची वस्ती कालव्याच्या काठी, सदा गजबजलेली: होड्यांचे भोंगे, मासळीचे लिलाव, काठावरच्या टेबलांभोवती खिदळणारी माणसे. त्या गर्दीतून सायंकाळी एकटा हिंडताना तो अजूनही डाव्या हाताला एका माणसापुरती जागा सोडून चाले. ती जागा भरावी, एवढीच त्याची आस होती. आणि त्या आसेपोटीच तो फोनवर थाप मारून बसला होता: "अगं, पलंगावर पडल्या पडल्या पाणी दिसतं!"

वस्तुतः खिडकीतून दिसे ती शेजाऱ्याची भिंत, तीही इतकी जवळ, की घरबसल्या तिच्यात खिळा ठोकावा. पाणी दिसे ते न्हाणीघराच्या झरोक्यातून, उलट्या बादलीवर उभे राहिल्यास!

दोन वर्षे "बघू" म्हणणारी पत्नी त्या रविवारी दुपारी फोनवर म्हणाली, "आज घर दाखवा. येते की नाही, ते मग सांगते."

गृहस्थाने फरशी पुसण्याच्या दांड्याला रबरबँडने मोबाइल बांधला, बादलीवर आरूढ झाला आणि दांडा झरोक्याबाहेर काढला.

"दिसलं का पाणी?"

"दिसलं! पण तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतोय हो?"

"खोली प्रशस्त आहे ना!"

"जरा खाली दाखवा. होडी येतेय वाटतं."

त्याने दांडा वाकवला. रबरबँडने प्राण सोडला! मोबाइल खालून चाललेल्या धोबिणीच्या होडीत, हॉटेलात पोचवायच्या इस्त्रीच्या चादरींवर अलगद विसावला, आणि होडी निघून चालली!

गृहस्थ दांड्यासकट तीन जिने उतरला व काठाकाठाने धावत सुटला. मासळीच्या चिखलातून, टेबलांच्या मधून, वरातीतून उधळलेल्या घोड्यासारखा! लोकांना वाटले, कसली तरी शर्यत असावी. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघे-चौघे हौसेने मागे धावलेही!

पुढच्या पुलाखाली होडी थांबली. त्याने पायऱ्यांवरून झेप घेतली, ती थेट चादरींवर, चिखलाच्या वहाणांसकट!

धोबीण मोबाइल हाती धरून पत्नीशी गप्पा मारीत होती. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, आणि त्यावाचून दोघींचे काही अडतही नव्हते.

"आलात?" पत्नी म्हणाली. "या बाईंनी मला सगळं गाव दाखवलं. त्या इवल्याशा झरोक्यातून लोंबणारा तुमचा हातही पाहिला मी. पलंग काय त्या झरोक्याला टांगलाय?"

गृहस्थ चादरीहून पांढरा पडला. "अगं, तू यावीस म्हणून..."

"पाण्यासाठी कोण येतंय हो?" तिचा स्वर ओला झाला. "दोन वर्षं नुसतं तिथलं सुख ऐकवताय. इतकं दाटीवाटीनं भरलेलं सुख, की मला बसायला जागाच दिसेना! एकदा तरी 'करमत नाही' म्हणायचंत."

आराखड्यातील एकही रेघ कधी न चुकलेल्या त्या माणसाला ते दोन शब्द उच्चारण्यास बराच अवधी लागला. होडी हेलकावत होती.

"करमत नाही गं."

"मग येते. महिनाअखेरीस."

इतक्यात धोबिणीची दृष्टी चादरींवर उमटलेल्या पावलांकडे गेली! पुढचे तिचे भाषण समजण्यास कोणत्याही शब्दकोशाची आवश्यकता नव्हती.

तासाभराने गृहस्थ धोबिणीच्या घरापुढील, पाण्यालगतच्या पायऱ्यांवर उकिडवा बसून चादर घासत होता. धोबीण कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्याशी उभी, दगडाला टेकवलेल्या मोबाइलमधून पत्नीची आज्ञा सुटत होती, "कोपरे आधी! जरा जोर लावा!"

इतक्या दिवसांत त्याला असे प्रसन्न वाटले नव्हते.

मग पत्नी एकाएकी थबकली. "काय हो, कपडे धुण्याचं मोठं यंत्र घेतलंय म्हणाला होतात ना? मग घरी नेऊन त्यात का नाही टाकत?"

गृहस्थाने मान खाली घातली आणि परम एकाग्रतेने पुढची चादर घासावयास घेतली.