अक्षरांना टाकी कोणी लावली?

"मराठवाड्यात चोर कमी का? कारण हा बब्रुवान इथं जन्मला!" असं बब्रुवान अण्णा स्वतःच सांगत. आपली नजर शिवलेल्या पोत्यातलं बियाणं ओळखते, आपलं नाक तीन कोसांवरचा गुन्हा हुंगतं आणि आपण गप्प असतो तेव्हा मेंदू जोरात चालतो, असंही ते सांगत. शेवटचं खरं असेलही, पण अण्णा गप्प आहेत अशी वेळ बलभीमनं कधी पाहिली नव्हती. अण्णा लोहाऱ्याच्या भाग्योदय सहकारी संघाचे गोदामपाल आणि बलभीम तिथला काटेवाला. काटा रिकामा असला की त्याला अण्णांचा सहायक व्हावं लागे. दुष्काळामुळं काटा बहुतेक रिकामाच असायचा.

त्या साली संघात कॉम्प्युटर आला होता आणि चारावाटपाची यादी त्याच्या पोटात गेली होती. खिडकीशी बसून यादीतली नावं पुकारायचं काम श्रीपती तात्यांचं. तात्यांचा सारा जन्म वळणदार अक्षरात गेलेला, आणि पडद्यावरची हिरवी अक्षरं मात्र ठिपक्याठिपक्यांची, प्रत्येक गोलाईला पायऱ्या पडलेल्या. "अक्षर कसलं, बाभळीची फांदी हाय," तात्या म्हणत. "डोळ्यात रुतती."

मग दसऱ्यानंतर नवल घडलं. अक्षरं एकाएकी मऊ झाली, पायऱ्या विरून गेल्या आणि तात्या आठ दिवस यादी घडाघडा वाचत राहिले. नवव्या दिवशी, सोमवारी सकाळी, काटे परत उगवले. इकडं चेअरमन हिंमतराव गुरुवारी समोर बसून यादी वाचायला लावणार होते. तात्या अडखळले तर खिडकी दुसऱ्याला आणि तात्या गोदामात. छप्पन्न वर्षांच्या माणसाला सगळ्या गावासमोर खिडकीतून उठवायचं, हे बलभीमला बघवणार नव्हतं. तात्यांचा डबा दोन दिवस तसाच परत जात होता.

"बलभीम, जातं वापरून झिजलं की काय करतात?" अण्णांनी भिंगातून पडदा न्याहाळत विचारलं.

"टाकी लावून घेतात."

"बास! आठ दिवसांत अक्षरं झिजून गुळगुळीत झाली. मग कुणीतरी त्यांना टाकी लावली आणि दात परत काढले. आता गावात टाकी लावणारा कोण?"

टाकी लावणारे धोंडप्पा एसटी स्टँडच्या वडाखाली पाटा टाकवत बसले होते. अण्णांनी त्यांना रविवारी कुठं होता म्हणून दरडावून विचारलं.

"माकणीला. सोळा जाती टाकवली."

"आणि काच?"

"काच?" धोंडप्पांनी छिन्नी खाली ठेवली. "काचंला छिन्नी लावल्याव काय व्हतं, ते ठावं हाय का तुमास्नी?"

अण्णांनी वहीत लिहिलं : संशयित हुशार आहे.

बुधवारी दुसरा सिद्धान्त निघाला. कोणीतरी तात्यांचा चष्मा बदललाय! खात्री करायला अण्णांनी तो स्वतःच्या नाकावर चढवला, खुंटीवरच्या कोटाला "नमस्कार, चेअरमनसाहेब" म्हणाले आणि दाराऐवजी कपाटातून बाहेर जाऊ लागले. चष्मा तात्यांचाच निघाला.

गुरुवारी सकाळी तिसरा सिद्धान्त : विजेचा दाब वाढून अक्षरांना शहारे आले. अण्णा तो तात्यांना समजावून देत होते आणि तात्या हताश होऊन पडद्याकडं बघत होते. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या पुतळाबाई ओलं फडकं घेऊन आत आल्या.

"व्हा बाजूला. काच पुसायची हाय."

"मावशी, ही काच रोज पुसता तुम्ही?" बलभीमनं विचारलं.

"रोज कशानं पुसू बाबा? प्यायला पाणी न्हाय. रविवारी टँकर आला, तवा सोमवारी पयल्यांदा सोडा लावून घासली. लई तेलकट झालती."

"तेलकट?"

"खंडेनवमीला म्याच लावलं व्हतं. काट्याला लावलं, कुलपाला लावलं, मग ह्या नव्या अवजारानं काय पाप केलंय? हळदकुंकू वाहिलं आन् करडईच्या तेलाचा हात फिरवला. लोखंड गंजत न्हाय तेलानं."

बलभीम आधी सोमवारी पुसलेल्या काचेकडं आणि मग तात्यांच्या तोंडाकडं पाहत राहिला. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. हिंमतराव आले होते.

"मावशी, तेल!"

पुतळाबाईंनी डोक्यावरचा पदर सारला, सकाळीच चोपडलेल्या केसांवरून बोटं फिरवली आणि तीच बोटं काचेवरून हलकेच ओढली. ठिपके एकमेकांत मिसळले, पायऱ्या विरल्या आणि गोलाया गोल झाल्या. तात्यांचा जीव भांड्यात पडला.

हिंमतराव समोर बसले. तात्यांनी घसा साफ केला आणि एका दमात चाळीस नावं वाचली. एकेचाळिसावं नाव जरा मोठ्यानं आलं : "पुतळाबाई गोरोबा कांबळे, एक म्हैस!"

कोपऱ्यात उभ्या असलेल्या पुतळाबाईंनी पदर नीट केला. "म्हस माजीच हाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

"यंत्र झकास निघालं की हो!" हिंमतराव खूश होऊन उठले. "तात्या, खिडकी तुमचीच."

त्या दुपारी तात्यांनी डबा चाटूनपुसून खाल्ला. अण्णांनी वही उघडून गुन्हेगाराच्या रकान्यात 'पाणी' असं लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली. बलभीमनं तो शब्द दोनदा वाचला. पाणी आलं म्हणून काही बिघडलं, अशी तालुक्यातली ही पहिलीच केस होती.