कपाटाखालचा शिपाई

साहेब, दोष तुमचाच आहे. संग्रहालय तुमच्या ताब्यात, दाराबाहेरचं बाकडंही तुमचंच, आणि त्या बाकड्यावर तुम्ही एका म्हाताऱ्या शिंप्याला दिवसभर बसवून ठेवलंत. तो घरी असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

शिंप्याकडे शिशाच्या जुन्या खेळण्यातल्या शिपायांची पलटण होती. उभा जन्म भंगारवाल्यांचे उंबरे झिजवून त्याने एकेक गडी जमवला होता. मूलबाळ नाही. आपल्यामागे पलटण फुटू नये, सगळे एकाच काचेआड राहावेत, एवढंच त्याचं मागणं. तुम्ही निरोप धाडलात की उद्या बघायला येतो, सगळं नीटनेटकं दिसलं पाहिजे. किती वाजता, हे विचारायला तो आला, तर त्याला बाकडं दाखवलंत.

इकडे बायकोने निरोप फारच मनावर घेतला. तिचा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवतो, त्याला बोलावलं. गडी कामाचा वाघ. दिवेलागणीच्या आत अख्खी पलटण लालभडक, मिशा काळ्याकुळकुळीत, गाल गुलाबी. उरलेल्या रंगात त्याने दाराची कडीही उरकली.

शिंपी परतला आणि उंबऱ्यातच बसला.

"पैशाचं काढू नका हं दाजी," मेहुणा म्हणाला. "घरचंच काम."

"अरे, जुना रंग हीच त्यांची किंमत होती."

"मग कधी बोललात का तसं?" बायको म्हणाली. "मी फडकं घेऊन गेले की वसकन अंगावर यायचात. मला वाटलं, अवतार बघून लाज वाटते तुम्हाला त्यांची."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. हे तर नवेकोरे, म्हणून नाक मुरडलंत. शिंपी जीव तोडून सांगत होता, तुम्ही बूट घालायला वाकलात. समोरच कपाटाच्या आखूड पायाखाली एक शिपाई आडवा होता. बायकोने कधीतरी टेकण म्हणून सारलेला. शिंपी त्याला वर्षभर शोधत होता. भाराने चपटा झालेला, एक पाय तुटलेला, पण ब्रशातून वाचलेला.

"हा अस्सल," म्हणालात आणि रुमालात गुंडाळून नेलात.

आता तो तुमच्या दालनात एकटाच आहे. खाली पाटी आहे: रणांगणावर पाय गमावलेला वीर. शिंप्याची बायको ती वाचून आली.

"कसलं रणांगण," ती म्हणाली. "माझ्या साड्यांचा भार होता तो."

घरी कपाट डुगडुगतंय. शिंपी रोज पलटण ओळीत मांडतो, मध्ये एकाची जागा मोकळी सोडतो. पलटण फुटू नये म्हणून तो तुमच्याकडे आला होता, साहेब, आणि फोडलीत ती तुम्हीच. एकतर बाकीच्यांना आत घ्या, नाहीतर त्या एकाला घरी धाडा.

काय करताय ते सांगा. शिंपी पुन्हा तुमच्या बाकड्यावर बसलाय. शेजारी मेहुणा आहे, डबा आणि ब्रश घेऊन. तुमच्या दाराचा रंग फारच जुना झालाय, असं तो मघापासून म्हणतोय.